बेडरूमचं कार्पेट घेताय? आधी अंडरले बघा

दुकानात कार्पेट सगळेच हात फिरवून बघतात. घरी मात्र त्यावर पाय पडणार असतात, आणि पायांना जो मऊपणा जाणवतो त्यातला बराचसा कार्पेटचा नसतोच, खालच्या अंडरलेचा, म्हणजे कार्पेटखाली अंथरायच्या मऊ थराचा असतो. म्हणून पैसे कमी पडत असतील तर कार्पेट एक पायरी खालचं घ्या, पण अंडरले चांगलं घ्या. बेडरूममध्ये हे खुशाल चालतं. तिथे वर्दळ ती काय, घरातलीच दोन-चार माणसं, तीही बहुधा अनवाणी. जिन्याला लागतं तसं दणकट कार्पेट इथे टाकून पैसे अडकवण्यात अर्थ नाही.

जमीन कोरडी आहे ना?

काँक्रीटची जमीन असेल तर साधारण अर्धा मीटर लांब-रुंद जाड प्लास्टिक तिच्यावर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दिवसभरानंतर उचला. आतून थेंब दिसले किंवा खालची जमीन काळपट पडलेली असली, तर खालून ओल येतेय. तिचा बंदोबस्त होईपर्यंत कार्पेटचा विषय बाजूला ठेवा. वरून झाकलेली ओल पुढे बुरशी आणि कुबट वास होऊन बाहेर येते. लाकडी जमीन असेल तर वर आलेले खिळे ठोकून घ्या, बस.

माप आणि रोलची रुंदी

खोलीची लांबी-रुंदी दोन-तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. दाराच्या चौकटीतली जागा आणि भिंतीतले कोनाडे त्यात यायला हवेत. मग दोन्ही मापांत 10 सेंटीमीटर वाढवा, कारण भिंती कागदावरच काटकोनात असतात.

समजा, खोली 3.6 बाय 4.2 मीटर आहे. क्षेत्रफळ 15.12 चौरस मीटर. पण कार्पेट रोलच्या रुंदीत मिळतं. रोल 4 मीटर रुंद असेल तर 4.3 मीटर लांब तुकडा घ्यावा लागेल, म्हणजे 17.2 चौरस मीटर. दोन चौरस मीटर वाया जातील, पण जोड येणार नाही. तेच 12 फुटी रोल, म्हणजे 3.66 मीटर रुंदीचा, घेतला तर दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-तीन सेंटीमीटर उरतात. भिंत जरा तिरकी निघाली की संपलंच. जोड द्यावाच लागला तर तो पलंगाखाली जाईल असा द्या, आणि दोन्ही तुकड्यांच्या तंतूंचा कल एकाच दिशेला ठेवा. नाहीतर एकच रंग दोन छटांचा दिसतो.

धागा कुठला?

लोकर महाग, पण दाबल्यावर पुन्हा उभी राहते आणि हवेतला दमटपणा शोषूनही ओली लागत नाही. तिची खोड एकच: कसरीला ती फार आवडते, विशेषतः पलंगाखालच्या अंधारात, जिथे झाडू फिरत नाही. नायलॉन चिवट, बसलेले तंतू बऱ्यापैकी वर येतात. पॉलिएस्टर हाताला मखमली लागतं, पण लवकर चेपतं. पॉलीप्रोपिलीन स्वस्त; पाणी, चहा पटकन पुसता येतो, पण तेलाचा डाग निघता निघत नाही. जड कपाट त्यावरून ओढलं तर घर्षणाच्या उष्णतेने चरेही पडतात.

नमुन्याची परीक्षा अशी करा. तो पाठीकडे दुमडा. घडीत खालचं कापड उघडं पडलं तर वीण विरळ आहे. मग अंगठ्याने दाबून सोडा आणि तंतू किती लवकर वर येतात ते बघा. रंग ठरवायचा तर नमुना घरी आणून जमिनीवर पसरा, एकदा दिवसा, एकदा रात्रीच्या दिव्यात. उभा धरला की तो वेगळाच दिसतो. घरात मांजर असेल तर फासांच्या विणीचं, म्हणजे तंतूंची टोकं न कापता वळवून ठेवलेलं कार्पेट नको. एक फास नखात अडकला की दोरा सुटत जातो.

आता अंडरले

जाड ते चांगलं, असं वाटतं. तसं नसतं. जाड पण पोकळ फोम सहा महिन्यांत पायाखाली लोळागोळा होतो, आणि वरचं कार्पेट दर पावलाला वाकून त्याचे जोड सैल होतात. जाडीबरोबर घनता विचारा. कापलेल्या तंतूंच्या कार्पेटखाली 11 मिलिमीटरपर्यंत जाडी आणि घनमीटरला साधारण 100 किलो घनता पुरे. फासांच्या कार्पेटखाली त्याहून पातळ आणि घट्ट, म्हणजे 9 मिलिमीटरच्या आसपास आणि 130 किलोच्या घरात. जमिनीखाली हीटिंग असेल तर कार्पेट आणि अंडरले दोन्हींचा टॉग आकडा (ऊब किती अडते याचं माप) मिळून 2.5 च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ऊब खालीच अडकते. कार्पेटला पाठीमागे फोम किंवा फेल्ट आधीच लावलेलं असेल तर वेगळं अंडरले बहुधा लागतच नाही.

जाडीची बेरीज करताना दार विसरू नका. मी विसरलो होतो. 11 मिलिमीटरचं अंडरले, त्यावर तेवढंच जाड कार्पेट, आणि दार अर्ध्यावर येऊन रुतलं! नाकापेक्षा मोती जड. शेवटी दार उतरवून खालून तासावं लागलं, आणि भुसा सगळा नव्या कार्पेटवर. तेव्हा दाराखालची फट आधी मोजा.

बसवताना

भिंतीलगत खिळ्यांच्या पट्ट्या लागतात. अंडरले पट्टीपर्यंत येऊन थांबायला हवं. पट्टीवर चढलं तर खिळे कार्पेट पकडत नाहीत. अंडरलेचे जोड टेपने बंद करा आणि कार्पेटचा जोड त्यांच्यावर येऊ देऊ नका. जुनं अंडरले "चांगलंच आहे की" म्हणून ठेवण्याचा मोह होईल. ते पलंगाखाली फुगीर आणि वाटेवर चपटं झालेलं असतं, ते उंचसखलपण नव्या कार्पेटवरही उमटतं.

लोकरीचं कार्पेट पहिले काही आठवडे पुष्कळ तंतू सोडतं. घाबरून दुकानात फोन करू नका, व्हॅक्यूम हलक्या हाताने फिरवा. आणि उरलेला तुकडा कपाटात जपून ठेवा. कधी इस्त्री पडून डाग पडलाच, तर ठिगळ त्याच रंगाचं मिळेल.