मॉडेल रेल्वेचं टेबल किती उंच असावं?

सुताराला माप देण्याआधी सरळ उभं राहा, कोपर काटकोनात दुमडा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. साडेपाच फुटी माणसाचं हे माप साधारण १०३ सेंटिमीटर भरतं. रूळ याच उंचीला किंवा पाचेक सेंटिमीटर खाली ठेवा. जेवणाच्या टेबलाची ७५ सेंटिमीटर उंची नको. गाड्या वरून खेळण्यासारख्या दिसतात आणि रूळ जोडताना कंबर जाते.

उंची वाढली की हात कमी पोचतो. भिंतीला लागून टेबल असेल तर रुंदी ६० सेंटिमीटरच ठेवा. त्यापलीकडे डबा घसरला तर तो उचलताना बाही अडकून पुढचा सिग्नल मोडतोच.

कर्नाटक-गोवा सीमेवरचा कॅसलरॉक-कुळे रेल्वे घाट टेबलावर करायचा मोह आपल्याकडे सगळ्यांनाच होतो. तिथला चढ ३७ला १, म्हणजे ३ मीटरात रूळ ८ सेंटिमीटर वर जातो. म्हणून कोपराचं माप चढाच्या मध्याला धरा, पायथ्याला नको.

वायरिंग खालूनच होतं. पाटावर बसून बघा. डोक्यावर १० सेंटिमीटर मोकळे हवेत, नाहीतर सोल्डर करताना मान अवघडते.

शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. प्रत्येक पायाच्या बुडात टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा आट्यांचा नट) ठोकून १० मिलिमीटरचा बोल्ट बसवा आणि पाना फिरवून लेव्हल लावा. खानापूरकडच्या पावसात फरशीला ओल येते, तेव्हा पायांची बुडं आधी वॉर्निशमध्ये दोनदा बुडवा.