बाँडला मतं पडतील का, हे आधी कसं ओळखायचं?

कॅलिफोर्नियात शाळेचं छप्पर गळायला लागलं की पालकांची पहिली सभा हमखास जोरात होते. आमच्याकडेही झाली. बाँड (म्हणजे मतदारांच्या मंजुरीने काढायचं आणि घरपट्टीतून फेडायचं कर्ज) आणायचा का, म्हटल्यावर सगळे हात वर. मग मी विचारलं, "यातल्या किती जणांना इथे मत आहे?" भराभर हात खाली आले. कोणी एच-वनवर, कोणी ग्रीनकार्डवर. शाळेसाठी जीव टाकणारे आम्ही, आणि निकाल लावणार कोपऱ्यावरचे आजोबा, ज्यांची नातवंडं टेक्ससात शिकतात!

तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपचा कौल विसरा. काउंटीच्या निवडणूक कार्यालयातून मतदारयादी मिळते. कोणी काय मत दिलं ते त्यात नसतं, पण कोण कोणत्या निवडणुकीत मतदानाला आलं होतं ते असतं. फोनवर पाहणी करताना नेमाने मत देणाऱ्यांनाच आधी गाठा.

किती मतं लागतात तेही पक्कं करा. 2000 साली राज्यभरच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव 39 मुळे शाळेच्या बाँडला 55 टक्के पुरतात. शाळा-जिल्ह्याने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) आणलेल्या पार्सल टॅक्सला, म्हणजे घराच्या किमतीवर नव्हे तर प्रत्येक मालमत्तेमागे लागणाऱ्या कराला, मात्र दोन तृतीयांश. 400 जणांच्या पाहणीत आकडा पाचेक टक्के इकडेतिकडे होतो, त्यामुळे 57 दिसले म्हणून पेढे वाटू नका. "अजून ठरवलं नाही" म्हणणाऱ्यांना मी सरळ नकारात धरते.

लोक फसतात ते प्रश्नात. "मुलांना चांगली शाळा हवी ना?" याला नाही कोण म्हणेल? मतपत्रिकेवर छापायचा मजकूर, जास्तीत जास्त 75 शब्दांचा, जसाच्या तसा वाचून दाखवा. रक्कम, दर, मुदत सगळं त्यात येतं. पार्सल टॅक्स असेल तर आकडा उतरवत न्या: वर्षाला 98 डॉलर? नको? 78? 58? मग विरोधकांचं म्हणणं ऐकवा, "मागच्या बाँडचे पैसे कुठे गेले?" आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारा. आता जेवढे गळतील, तेवढे प्रचारातही गळणार.

आणि घर कधी घेतलं ते जरूर विचारा. 1978 च्या प्रस्ताव 13 मुळे, मालक बदलेपर्यंत, घराचं करमूल्य वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढत नाही. करमूल्याच्या दर लाख डॉलरला 30 डॉलर दर धरला तर 15 लाख करमूल्याच्या नव्या घराला बाँडचे 450 डॉलर, शेजारच्या दीड लाखवाल्या जुन्या घराला 45. पार्सल टॅक्स मात्र बहुतेकदा सगळ्यांना सारखाच, म्हणून आजोबांना तोच झोंबतो. त्यात 65 वर्षांवरच्यांना सूट ठेवता येते; ती सांगून उत्तर बदलतं का ते पाहा. (मार्च 2020 मध्ये राज्याच्या 15 अब्ज डॉलरच्या शालेय बाँडला नेमका 13 हाच क्रमांक आला आणि तो पडला. दारोदार मला एकच प्रश्न: "तेरा म्हणजे घरपट्टी वाढणार ना?")

पाहणीचा खर्च शाळा-जिल्हा करू शकतो, "हो म्हणा" असा प्रचार सरकारी पैशातून नाही. मतदान घेण्याचा शाळा-जिल्ह्याचा ठराव निवडणुकीच्या 88 दिवस आधी काउंटीकडे पोचावा लागतो, म्हणून नोव्हेंबरसाठी मी मार्च-एप्रिलातच फोन लावायला घेते.

आमचा आकडा विरोधकांची बाजू ऐकवल्यावर पंचावन्नच्या खाली घसरला. आम्ही रक्कम कमी केली, कामांच्या यादीतून नवं क्रीडासंकुल काढलं, छप्पर वर आणलं, आणि त्याच लोकांना न विचारता मतदारयादीतून नवी नावं काढून पुन्हा फोन लावले.