चाळिशीनंतर हाडे बळकट कशी ठेवावीत: खान्देशातील घरांसाठी आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन

हाड ही जिवंत ऊती असून तिच्यात जुना भाग झिजवणाऱ्या आणि नवा भाग घडवणाऱ्या पेशींचे काम आयुष्यभर चालू असते. साधारणपणे तिशीपर्यंत घडण झिजेपेक्षा अधिक असते, पुढे काही वर्षे दोन्ही बाजू सारख्या राहतात आणि चाळिशीनंतर झीज हळूहळू वरचढ होऊ लागते. स्त्रियांमध्ये मासिक पाळी कायमची थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि झिजेचा वेग एकदम वाढतो. पुढच्या पाच ते सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. पुरुषांची झीज संथ असते, पण ती होतेच.

ही झीज दुखत नाही. आपल्याकडे गुडघा दुखू लागला की ‘हाडे ठिसूळ झाली’ असे म्हटले जाते, परंतु गुडघेदुखी बहुधा सांध्यातील कूर्चा झिजल्याने होते आणि तो आजार वेगळा आहे. हाडांचा ठिसूळपणा पहिल्यांदा कळतो तो बहुतेक वेळा मोरीत पाय घसरून मनगट मोडल्यावर किंवा पाठीचा मणका दबून उंची कमी झाल्यावर. म्हणून दुखण्याची वाट न पाहता चाळिशीतच पुढील क्रमाने सुरुवात करावी.

पहिली पायरी: आपला धोका ओळखा

काही जणांनी या विषयाकडे इतरांपेक्षा लवकर लक्ष द्यायला हवे. ज्यांची पाळी ४५ वर्षांच्या आत थांबली आहे, ज्यांची गर्भाशयाची पिशवी काढताना अंडाशयेही काढली गेली आहेत, ज्यांच्या आईचे किंवा वडिलांचे खुब्याचे हाड मोडले होते, ज्यांचे वजन फार कमी आहे, जे दम्यासाठी किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आहेत, ज्यांच्या थायरॉइड संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले आहे आणि जे विडी, सिगारेट किंवा दारू नियमितपणे घेतात, त्या सर्वांचा धोका जास्त असतो. यांपैकी एखादी गोष्ट लागू असेल, तर खालील सर्व पायऱ्या सुरू कराव्यातच, पण शेवटच्या पायरीतील तपासणी पुढे ढकलू नये.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. आपल्या खेड्यांत अनेक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया तरुण वयातच होते आणि त्या वेळी अंडाशये ठेवली की काढली, हे त्यांना माहीतच नसते. शस्त्रक्रियेचे जुने कागद सापडत असतील तर ते डॉक्टरांना दाखवून एवढी एक गोष्ट जरूर विचारून घ्यावी.

दुसरी पायरी: ताटातले कॅल्शियम मोजा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी थांबलेल्या स्त्रीला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. हा आकडा आपल्या रोजच्या ताटाशी ताडून पाहिला, तर नेमकी उणीव कुठे आहे ते लगेच कळते.

दादर ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, शेवभाजी, डाळ आणि तळलेली मिरची हे आपले जेवण पोट भरणारे आणि चवीचे असले, तरी त्यात कॅल्शियम थोडेच आहे. ज्वारी आणि बाजरी या दोन्ही धान्यांच्या १०० ग्रॅममध्ये ते जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असते. जळगाव जिल्ह्याची ओळख असलेल्या केळीत पोटॅशियम चांगले असते, पण हाडांसाठी केळी खातो असे कोणी म्हणत असेल, तर केळीत कॅल्शियम नावापुरतेच आहे हे त्याने लक्षात घ्यावे. भाकरी सोडण्याची मात्र मुळीच गरज नाही. भाकरीच्या पिठात आणि तिच्या सोबतीच्या पदार्थांत थोडा बदल केला की काम होते.

पहिला बदल नागलीचा, म्हणजे नाचणीचा. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि नंदुरबारच्या सातपुड्याच्या पट्ट्यात ती पूर्वीपासून पिकते. दादरच्या किंवा कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) दोन वाट्या पिठात एक वाटी नागलीचे पीठ मिसळावे. नागलीमुळे पीठ थापताना कडेने तडकते, म्हणून थंड पाण्याऐवजी उकळते पाणी घालून पीठ आधी चमच्याने हलवावे, पाच मिनिटे झाकून ठेवावे आणि हाताला सोसेल इतके निवाल्यावर तळहाताच्या टाचेने चांगले मळावे. असे केल्यावर भाकरी तुटत नाही आणि तव्यावर फुगतेही. आपल्याकडच्या मोठ्या आकाराच्या दोन भाकरींत या प्रमाणाने साधारण ५० ग्रॅम नागली पोटात जाते, म्हणजे १७५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते.

दुसरी गोष्ट पालेभाजीची. मेथी, तांदुळजा, माठ आणि शेवग्याचा पाला यांच्या १०० ग्रॅम निवडलेल्या पानांत अडीचशे ते सव्वातीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि शिजल्यावर एवढ्या पानांची जेमतेम एक वाटी भाजी होते. शेवग्याच्या शेंगा आपण आवडीने खातो आणि पाला मात्र वाया घालवतो, हे मला फार खटकते. कोवळा पाला मुगाच्या डाळीत घालून त्याची घोटलेली भाजी करावी, किंवा बारीक चिरून भाकरीच्या पिठातच मळावा. पालकाबद्दल मात्र सावध राहावे, कारण त्यातील ऑक्सॅलेट नावाचे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते आणि त्यातले पाच टक्क्यांच्या आसपासच अंगी लागते. दुधातले सुमारे तीस टक्के लागते. पालक खावा, पण हाडांच्या हिशेबात धरू नये.

तिसरी गोष्ट दूध आणि दही. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. साय काढल्याने ते कमी होत नाही, त्यामुळे कोलेस्टेरॉल असलेल्यांनी साय काढून दूध प्यावे. कपभर चहात पडणाऱ्या दोन चमचे दुधाने काहीही साधत नाही. एक पेला दूध स्वतंत्र घ्यावे आणि जेवणात एक वाटी दही असावे. ताक पातळ केले की कॅल्शियमही तितकेच पातळ होते, म्हणून पेलाभर पाण्यात चमचाभर दही घालून केलेले ताक उन्हाळ्यात तहान भागवील, हाडांची गरज भागवणार नाही. दूध पचत नसेल, तर दही बहुतेकांना पचते.

चौथी गोष्ट तीळ. बिनपॉलिशच्या तिळाच्या १०० ग्रॅममध्ये १२०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. ते बरेचसे सालीत असून ऑक्सॅलेटशी बांधलेले असल्यामुळे सगळे अंगी लागत नाही, तरीही भाजलेल्या तिळाची चटणी रोज एक मोठा चमचा भाकरीसोबत असावी. पांढरे शुभ्र, साल काढलेले तीळ या कामासाठी घेऊ नयेत.

आता बेरीज करून पाहा. नागली मिसळलेल्या दोन भाकरी १७५, वाटीभर मेथी किंवा तांदुळजा २७० ते ३२०, पेलाभर म्हणजे २०० मिलिलिटर दूध २४०, वाटीभर दही १८० आणि तिळाची चटणी १५० च्या आसपास. एवढ्यानेच हजाराचा आकडा गाठला जातो, आणि डाळी, कडधान्ये व इतर भाज्या यांची थोडी भर वेगळी पडते. मांसाहार करणाऱ्यांनी काट्यासकट खाता येणारी लहान मासळी आठवड्यातून एक-दोनदा घ्यावी.

मुतखड्याच्या भीतीने अनेक जण दूध आणि तीळ सोडतात. खान्देशातील उन्हाळ्यात घाम खूप जातो, पाणी कमी पडते आणि मुतखड्याची तक्रार घरोघरी ऐकू येते, म्हणून ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्सॅलेटला धरून ठेवते आणि ते मूत्रपिंडापर्यंत पोहोचू देत नाही, त्यामुळे आहारातले कॅल्शियम फार कमी केल्यास खड्यांचा धोका उलट वाढतो. पाणी भरपूर प्यावे, मीठ कमी करावे आणि जेवणातले दूध-दही चालू ठेवावे. ज्यांना खडा होऊन गेला आहे त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तिसरी पायरी: प्रथिने वाढवा, मीठ कमी करा

हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो आणि कॅल्शियम त्यावर बसते. वजनाच्या दर किलोमागे रोज किमान पाऊण ते एक ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत, म्हणजे ५५ किलो वजनाच्या व्यक्तीला ४१ ते ५५ ग्रॅम. डाळ पातळ फोडणीची न करता घट्ट करावी, एका वेळी मोड आलेली मटकी किंवा मूग असावेत आणि चालत असल्यास एक अंडे घ्यावे.

जास्त मीठ लघवीवाटे कॅल्शियम बाहेर नेते. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, ही मर्यादा आहे, आणि पापड, कुरडया, लोणचे, शेव व तर्रीदार रस्सा एकाच जेवणात आले की ती सहज ओलांडली जाते. शेवभाजी केली त्या दिवशी पापड-लोणचे ताटात नको, एवढा नियम पुरेसा आहे. तंबाखू, मिसरी आणि गुटखा पूर्ण सोडावेत. त्यांचे दुष्परिणाम हाडांपुरते थांबत नाहीत.

चौथी पायरी: ऊन योग्य वेळी घ्या

ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून नीट शोषले जात नाही, आणि ते जीवनसत्त्व त्वचेवर पडणाऱ्या उन्हातूनच मुख्यतः तयार होते. एवढे ऊन असलेल्या प्रदेशात त्याची कमतरता कशी, असा प्रश्न पडेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा आपण दारे-खिडक्या लावून घरात बसतो, आणि बाहेर पडणारी स्त्री सनकोट, हातमोजे व स्कार्फ घालूनच पडते. सकाळचे सहा-सातचे कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण त्यात आवश्यक ते अतिनील किरण फार कमी असतात. खिडकीच्या काचेतून तर ते येतच नाहीत.

यासाठी घड्याळापेक्षा सावली पाहावी. अंगणात किंवा गच्चीवर उभे राहून आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की ते ऊन उपयोगाचे. आपल्या भागात मे महिन्यात ही वेळ सकाळी सव्वानऊच्या सुमारास येते, तेव्हा उष्मा अजून सोसण्यासारखा असतो. डिसेंबरमध्ये मात्र सावली दुपारी बाराच्या आसपासच उंचीइतकी होते, म्हणून हिवाळ्यात साडेअकरा ते दीडच्या दरम्यान उन्हात बसावे. हात कोपरापर्यंत, पाय पोटरीपर्यंत आणि शक्य असल्यास पाठ उघडी ठेवून पंधरा ते तीस मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस पुरेत. सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो. डोके व चेहरा झाकला तरी चालेल, आणि चक्कर किंवा मळमळ वाटताच सावलीत यावे.

पाचवी पायरी: हाडांवर भार द्या

भार पडला की हाड घट्ट होते आणि भार नाहीसा झाला की विरळ होते. पोहणे व सायकल हृदयासाठी उत्तम आहेत, परंतु त्यांत शरीराचे वजन हाडांवर पडत नाही. म्हणून चालणे, जिने चढणे आणि वजन उचलणे यांना पर्याय नाही.

शेतात राबणाऱ्या बहिणी म्हणतात, ‘आमचा दिवसभर व्यायामच असतो.’ त्यांच्या कष्टांबद्दल मला पूर्ण आदर आहे, तरीही निंदणी, कापूस वेचणी यांसारख्या कामांत तासन्‌तास एकाच ढंगाने वाकावे लागते, आणि हाड सवयीच्या भाराला फारसा प्रतिसाद देत नाही. त्याला वेगळ्या दिशेचा आणि हळूहळू वाढणारा भार लागतो. म्हणून कष्टकरी स्त्रीनेही खालील व्यायामांतील निदान दोन वेगळे काढून करावेत.

आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे झपाझप चालावे, इतके की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. याशिवाय आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीच्या कडेवर बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, हात छातीवर बांधावेत, हातांचा आधार न घेता उभे राहावे आणि तीन मोजत सावकाश खाली बसावे. धपकन बसल्यास निम्मा व्यायाम वाया जातो. असे दहा वेळा, मध्ये थोडी विश्रांती घेऊन दोनदा. मग स्वयंपाकाच्या ओट्याची कड धरून दोन्ही टाचा उचलाव्यात आणि खाली टेकवाव्यात, पंधरा वेळा. भिंतीला हात लावून दंड काढावेत, दहा वेळा. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो वजन. दोन हातांत दोन बाटल्या घेऊन त्या खांद्यापासून वर उचलाव्यात. दोन आठवड्यांनी हे सोपे वाटू लागले की फेऱ्यांपेक्षा वजन वाढवावे.

चहा उकळेपर्यंत ओट्याजवळ एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा, आधी एक बोट टेकवून आणि नंतर न टेकवता. तोल सुधारला की पडणे कमी होते.

ज्यांचा मणका आधीच दबला आहे किंवा हाडे ठिसूळ असल्याचे निदान झाले आहे, त्यांनी कमरेतून पुढे वाकण्याची आसने आणि झटक्याने वळण्याचे व्यायाम करू नयेत. सूर्यनमस्कारातील हस्तपादासन त्यांच्यासाठी नाही. हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असल्यास सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावे.

सहावी पायरी: घर सुरक्षित करा

मोरीतली शहाबादी फरशी शेवाळ धरते, ती आठवड्याला घासावी व भिंतीला पकडायला दांडी बसवावी. रात्री लघवीला उठण्याच्या वाटेवर लहान दिवा लावावा. झिजलेल्या चपला टाकून द्याव्यात.

सातवी पायरी: तपासणी आणि औषधे

हाडांची घनता डेक्सा नावाच्या वेदनारहित तपासणीने मोजतात. त्यातील टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या घनतेशी केलेली तुलना, उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर घनता ठीक, उणे १ ते उणे २.५ यांच्या मध्ये असेल तर विरळपणाची सुरुवात, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. पहिल्या पायरीतील धोका असलेल्यांनी, उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरने कमी झालेल्यांनी आणि किरकोळ पडण्यानेही हाड मोडलेल्यांनी ती करून घ्यावी.

औषधाच्या दुकानातून ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आणून महिनोन्‌महिने स्वतःच घेणे धोक्याचे आहे, कारण हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि रक्तातील कॅल्शियम वाढवते. डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली असेल, तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, कारण त्यापुढचे नीट शोषले जात नाही. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. ऑस्टिओपोरोसिसचे निदान झाल्यावर आहार व व्यायाम चालू ठेवावेत, पण त्यांच्या भरवशावर औषध नाकारू नये. डेक्सा पुन्हा केव्हा करायची ते डॉक्टर सांगतील, आणि ती शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करावी, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करता येते.