लहान इलेक्ट्रिक गाडीतून सिमेंटची पोती कशी आणावीत

गवंडी कामावर आलाय आणि चार पोती सिमेंट कमी पडलंय, एवढ्यापुरतीच घरची इलेक्ट्रिक गाडी वापरायची. दहा पोती हवी असतील तर सरळ छोटा हत्ती बोलवा. अख्खे गज तर गाडीत आणूच नका. १२ मीटरचा गज मधोमध दुमडला तरी ६ मीटर उरतो, आणि गाडीबाहेर आलेल्या मालाला कायद्याने २०,००० रुपये दंड आहे. कॉलमच्या रिंगा मात्र दुकानातच वाकवून, गठ्ठा बांधून खुशाल आणा.

किती भरायचं

पाच जणांच्या गाडीत चालक सोडून चार माणसं बसतात, म्हणजे साधारण २७० किलो. ५० किलोची पाच पोती झाली की २५० किलो भरले. सहावं पोतं नको. सोबत माणूस असेल तर चारच. वाळू मोजताना लोक हमखास फसतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात ओली वाळू काठोकाठ भरली तर ते सिमेंटपेक्षा जड होतं, म्हणून वाळू अर्ध्या पोत्यानेच भरा. टाईल्सच्या पेटीवर वजन छापलेलं असतं, तेवढं वाचा.

टायरमधली हवा, पूर्ण ओझं असलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. तो आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो.

पोती कुठे ठेवायची

सगळी चूक इथेच होते. दुकानातला हमाल डिकी उघडतो आणि चारही पोती एकावर एक रचून मोकळा होतो. त्याला अडवा. डिकी मागच्या चाकांच्या मागे असते. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर आहे आणि २०० किलो माल मागच्या चाकांच्या ६० सेंटिमीटर मागे ठेवला, तर पुढच्या चाकांवरचं ५० किलो वजन उचललं जातं आणि मागच्यांवर २५० किलो पडतं. टियागोसारख्या गाडीत मोटर पुढची चाकं फिरवते. ती हलकी झाली की बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात चढाला चाकं जागीच फिरतात, स्टिअरिंग हलकं लागतं आणि रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

‘बॅटरी खाली असते, इलेक्ट्रिक गाडीला काही होत नाही’ असं सांगणारे भेटतील. बॅटरीमुळे गाडी वळणावर कमी कलते, हे खरं. पण मागे ठेवलेल्या ओझ्याने पुढची बाजू उचलली जाते, ते बॅटरीने थांबत नाही.

म्हणून माल पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे हवा. पुढच्या दोन सीटच्या मागे पाय ठेवायच्या जागेत एकेक पोतं कडेवर उभं करा. मागची सीट पाडा, वर १२ मिलिमीटरचा प्लाय टाका आणि त्यावर दोन पोती पुढच्या सीटच्या पाठीला भिडवून आडवी ठेवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाचवं पोतं चालकाशेजारच्या सीटपुढे, खाली. डिकीत थापी, घमेलं आणि रिकामी पोती, बस्स. टाईल्सच्या पेट्या आडव्या रचू नका. कडेवर उभ्या ठेवा, नाहीतर खड्ड्यात मधल्या टाईल्स तडकतात.

आता बांधायचं. जोरात ब्रेक मारला की ५० किलोचं पोतं पुढे ४० किलोच्या जोराने ढकलतं, आणि धडक बसली तर त्याच्या कितीतरी पट. सुतळी तुटते, नायलॉनची दोरी ताणली जाते. रॅचेटचा, म्हणजे खटक्याने आवळायचा पट्टाच घ्या आणि तो लहान मुलांची सीट अडकवायच्या लोखंडी कड्यांत अडकवा. डिकीतले प्लास्टिकचे हुक भाजीच्या पिशवीसाठी असतात, त्यांच्यावर विसंबू नका. पट्टा ओढल्यावर हाताने पोतं हलवून बघा. हललं तर पुन्हा आवळा.

पोत्यांखाली ताडपत्री आणि पावसाळ्यात वरूनही ताडपत्री.

रस्त्यावर

रेंजची काळजी लोक उगाच करतात. १०० मीटर उंची चढायला दीड टनाच्या भरल्या गाडीला जेमतेम अर्धा युनिट जास्त लागतं. निपाणीहून बेळगावला येताना तवंदी आणि वंटमुरी हे दोन्ही घाट चढायचे असले तरी तेवढ्याने बॅटरी संपत नाही.

धोका उतरताना आहे. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर गाडी उतारावर वीज परत घेत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. बेळगावहून संकेश्वरकडे माल नेताना वंटमुरीचा उतार निघाल्यावर लवकरच लागतो, म्हणून ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा आणि रिजेन, म्हणजे उतारावर वीज परत घ्यायची सोय, जास्तीत जास्त ठेवा. पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दुप्पट.

शेतातल्या घराकडे वळताना उतरून रस्ता बघा. भरलेली गाडी खाली बसते आणि बॅटरी तळालाच असते. मधे दगड वर आला असेल तर पोती तिथेच उतरवा आणि हातगाड्यावरून न्या.

उतरवल्यावर

सांडलेलं सिमेंट आधी कोरड्या ब्रशने काढा, मग पुसा. ओला फडका आधी फिरवला तर ते गालिच्यातच घट्ट बसतं. टायरची हवा पुन्हा रोजच्या आकड्यावर आणा.