पूल पूर गिळतो? कविता दुरुस्त करताना या चुका टाळा

२०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली आणि पुढच्या घरगुती काव्यवाचनाला सगळ्यांच्या वह्यांत पूरच पूर. प्रतिमा बऱ्या होत्या, वाक्यं घसरली होती.

माझीच ओळ घ्या : 'पूल पूर गिळतो'. म्हणायचं होतं 'पूर पूल गिळतो', पण आधीची ओळ 'धूळ'वर संपत होती, म्हणून नादासाठी 'पूल' पुढे ओढला. विभक्तीमुळे मराठीत शब्द हलवता येतात, हे खरं. पण निर्जीव कर्माला आपण सहसा 'ला' लावत नाही, आणि पूल, पूर दोन्ही पुल्लिंगी. 'पूर गाव गिळतो' कसंही फिरवा, गिळणारा पूरच राहतो, 'गिळतो' त्याचंच. इथे क्रियापद काहीच सांगत नाही, म्हणून वाचक पहिल्या शब्दाला कर्ता धरतो. "पुलानं पूर गिळला? मग बरंच झालं की!" एक मावशी म्हणाल्या. 'पुलाला' केलं की भागतं. पण पाणी ओसरल्यावरच्या कडव्यात तीच उलटी ओळ काय शोभली असती!

दुसरी चूक, 'जणू म्हातारीसारखी नदी'. शाळेत गुणांसाठी पाठ केलेले अलंकार म्हणजे खरं तर वाक्याचे साचे. 'म्हातारीसारखी' म्हटलं की दोघी वेगळ्या राहतात, ती उपमा. 'जणू म्हातारीच' ही उत्प्रेक्षा, तिथे मन डळमळतं. 'नदी नव्हे, म्हातारी' ही अपन्हुती, त्यात हट्ट आहे. दोन साचे एकत्र ओतले की नदीही जाते, म्हातारीही.

'आठवणींच्या पुराच्या पाण्याची ओल' अशी चा-ची-चेची आगगाडी दिसली तर दोन डबे सोडवा.

आणि 'नदी म्हातारी आहे' हे 'आहे' तर फक्त घोषणा करतं. क्रियापदाला कामाला लावा : 'रात्रभर आमच्या ओट्यावर नदी टेकली'. 'नदी'पर्यंत ही पुराची बातमी आहे; 'टेकली' आलं की गुडघे धरून बसलेली म्हातारी दिसते, तिचं नाव न घेता. मराठीत क्रियापद शेवटी येतं त्याचा हा फायदा. 'टेकली नदी ओट्यावर' केलंत की गंमत पहिल्याच शब्दात खर्च.

मगरीचं रूपक मात्र जपून. विश्वामित्रीत खऱ्याच मगरी आहेत. पावसाळ्यात 'अंगणात मगर आली' असं बडोद्यात वाचलंत, तर लोक आधी दार लावून घेतात.