कॉलनीच्या ओपन स्पेसमधी लेकरांसाठी माती-लाकडाचं मैदान कसं करायचं (आमच्या चुकांसकट)

आमची कॉलनी परभणीत. जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतेत ते ठीक आहे, पण आमची ओपन स्पेस म्हणजे अर्ध्यात गाजरगवत अन् अर्ध्यात एक लोखंडी घसरगुंडी, तिचा पत्रा फाटलेला, तोंड पश्चिमेला, म्हणजे एप्रिल-मे मधी लेकरं खेळायला येतेत त्याच टायमाला ती तव्यासारखी तापलेली. दोन वर्षं रविवारचा रविवार वीस-पंचवीस घरांनी राबून ती जागा बदलली. आता बाजूच्या कॉलनीवाले विचारायलेत कसं केलं, खर्च किती, कुणाला धरायचं, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतो.

पहिलं काम कुदळ-फावड्याचं नाही. पंधरा दिवस नुस्तं बसून बघा की लेकरं आता कुठं खेळतेत. आमच्याकडं ड्रेनेजच्या कामाचा मुरमाचा ढीग ठेकेदारानं तसाच सोडला होता अन् वादळात पडलेल्या कडुलिंबाचा एक बुंधा होता, बाकी सगळी जागा रिकामी पण लेकरं त्या दोन ठिकाणीच. ढिगावरून पळत उतरायचं, बुंध्यावरून तोल सांभाळत जायचं, परत ढीग. म्हणजे नकाशा त्यांनीच काढून ठेवला होता, आम्ही कागदावर उतरवला. त्या कागदावर तीन गोष्टी टाका: संध्याकाळी पाच वाजता सावली कुठं असते, पावसाचं पाणी कुठून येऊन कुठं साचतं, अन् लोकांची पायवाट कुठून जाते. पायवाट मोडायचा प्रयत्न करू नका, लोक कुंपण तोडतील पण जातील तिथूनच.

हे काही नवीन फॅड नाही. डेन्मार्कमधी कोपनहेगनजवळ एमद्रुपला १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, लेकरांना टाकाऊ लाकूड-विटा देऊन मैदान करून दिलं होतं, कारण तिथल्या एका आर्किटेक्टनं बघितलं होतं की सजवलेल्या बागेपेक्षा लेकरं पडीक अन् बांधकामाच्या जागेत जास्त रमतेत. आपल्याकडं वडावर सूरपारंब्या खेळायचे त्याला ना आर्किटेक्ट लागला ना ठराव.

ठराव मात्र तुम्हाला लागणार. ओपन स्पेस आपल्या घरासमोर असली तरी आपली नसते, मंजूर लेआउटचा नकाशा काढून ती जागा खरंच ओपन स्पेस म्हणून दाखवलेली आहे का अन् आता कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. मग महापालिका किंवा नगरपरिषद जे असेल तिथं अर्ज, रहिवाशांच्या सह्या, हाताने काढलेला नकाशा, अन् पोच घ्या, आवक नंबरासकट. अर्जात 'पक्कं बांधकाम करणार नाही' हे वाक्य टाकाच, त्यानं निम्मे प्रश्न मिटतेत. झाडाची फांदी सुद्धा उगं तोडू नका, शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते अन् तक्रार करणारा शेजारीच असतो. आमच्याकडं मधीच एक पुढारी आले, म्हणाले कशाला माती उपसता, सगळीकडं पेव्हर ब्लॉक टाकून देतो. चहा पाजून वाटेला लावलं. पेव्हर ब्लॉक उन्हात तापतो अन् पडलं की गुडघा फुटतो, लेकरांच्या जागेत त्याचं काही काम नाही.

आता माती, अन् इथं जरा सावकाश वाचा कारण आमचं पहिलं वर्ष इथंच गेलं. कुणाच्या तरी घराच्या पायाची काळी माती फुकट मिळाली म्हणून आम्ही तिचीच टेकडी केली, चार फुटाची, हौसेनं. जूनमधी पाऊस पडला अन् टेकडीचा नुस्ता गारा झाला, लेकरं घोट्यापर्यंत रुतून चपला तिथंच सोडून घरी. उन्हाळ्यात तीच टेकडी उकलली, भेगा एवढ्या की लहान लेकराचा पाय आत जाईल. गल्लीतले रिटायर ओव्हरसिअर अण्णा तेव्हा म्हणाले, "बाबांनो, घर बांधताना काळी माती काढून मुरूम भरतो का नाही? मग टेकडीला काय वेगळा न्याय?" तर आधीच विचारलं असतं तर बरं झालं असतं. काळी माती पाण्यानं फुगते अन् वाळली की आकसते, तिच्यावर काहीच एका जागी राहत नाही.

बरोबर पद्धत अशी. जिथं टेकडी करायची तिथली वरची फूटभर काळी माती काढा (ती फेकू नका, झाडांच्या खड्ड्यांना कामाला येते). मग मुरूम, एका वेळी सहा इंचाचा थर, पाणी मारायचं अन् धुम्मसानं ठोकायचं, मग पुढचा थर. उतार एकास तीन ठेवा, म्हणजे चार फूट उंचीला बुडाशी चोवीस फुटाचा व्यास लागतो, अन् ह्या टेकडीला सहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम बसतो, पण ठोकून दबतो अन् खाली काढलेली मातीची जागाबी भरायची असते म्हणून दहा-अकरा ब्रासपेक्षा जरा जास्तच धरून मागवा. एवढं माणसानं उचलायचं म्हणलं तर श्रमदानाचा उत्साह दुसऱ्याच रविवारी संपतो, अर्धा दिवस जेसीबी लावा अन् माणसांचा हात ठोकायला, आकार द्यायला ठेवा. वर चार-पाच इंच पोयट्याची माती अन् त्यात हरळीचे ठोंब, पावसाच्या तोंडावर. हरळी शेतात वैरी आहे पण इथं तिच्यासारखं सोबती नाही, पाणी नसलं तर वाळल्यासारखी दिसते अन् एका पावसात परत उठते. घसरगुंडी ठेवायचीच असली तर ह्याच टेकडीच्या उतारावर टेकवून बसवा, तोंड उत्तरेला, म्हणजे पडलं तरी उंचीवरून पडायचं नाही अन् पत्रा कमी तापतो.

लाकूड. आरा मशीनवर बाभळीचे वाकडेतिकडे ओंडके मिळतेत, जे फर्निचरवाले घेत नाहीत तेच आपल्याला पाहिजे असतेत. कुठूनही आणा पण लाकडाची पावती अन् वाहतुकीचा कागद विचारून घ्या. दुसरं म्हणजे खेड्यात माळवदाची घरं पाडायलेत, त्यातल्या सागवानी तुळया अन् खांब, ह्याच्यासारखं लाकूड आता पैसे देऊन मिळायचं नाही. फक्त रंगवलेलं घेऊ नका, जुन्या ऑइलपेंटमधी शिसं असू शकतं अन् खरवडलं तर त्याची धूळ उडते. खिळे एकूणएक काढायचे, वरून हात फिरवून कळत नाही, चुंबक फिरवा. आमच्या मिस्त्री मामांनी एका खांबातून खिळे काढता काढता एक जुनी कडी काढली, पार आत गेलेली, साल-माती धरून लाकडाच्याच रंगाची झालेली. ती कुणाच्या कपाळाला लागली असती.

वाळवीचं सांगतो. आम्ही स्वस्त म्हणून निलगिरीचे चार ओंडके थेट जमिनीत गाडले, एका पावसाळ्यात आतून पोकळ. बाभळीचा गाभा मात्र टिकला. बाभळीची साल पूर्ण सोलून काढा, किडे सालीखालीच घर करतेत. जे खांब उभे गाडायचे त्यांचं जमिनीतलं टोक जाळावर कोळशासारखं काळं होईपर्यंत भाजा, आपले म्हातारे कुंपणाच्या खांबाला हेच करायचे, अन् खड्ड्यात आधी खडी टाका म्हणजे पाणी बुडाशी थांबत नाही. वर चार फूट पाहिजे तर खाली दोन फूट. आडवे ओंडके मातीवर ठेवूच नका, दोन दगडांवर टेकवा अन् दगड हलत नाहीत ना ते मोठ्या माणसानं वर नाचून बघा. कुणीतरी सल्ला देणारच की शेतातलं वाळवीचं औषध मारा, नाहीतर गॅरेजचं काळं ऑइल लावा. लेकरं तिथं हात लावतेत, तोच हात तोंडात जातो, दोन्ही नको. आम्ही कच्चं जवसाचं तेल लावलं, आपल्या भागात घाण्यावर मिळतं, वर्षातून एकदा पावसाळ्याआधी. पण तेलाचे बोळे चुरगाळून ढिगात टाकू नका, जवसाच्या तेलाचे बोळे स्वतःच तापून पेट घेतेत, गंमत नाही, पसरून वाळवा अन् मग टाका किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जिथून लेकरू पडू शकतं तिथं खाली वाळू, कमीतकमी एक फूट, अन् चारी बाजूनं सहा फूट मोकळी जागा, दगड नाही, ओंडक्याचं टोक नाही. दहा बाय बाराच्या खड्ड्याला सव्वा ब्रास लागते. वाळू गंगाखेडकडची गोदावरीची असो की कुठलीही, रॉयल्टीची पावती असलेलीच घ्या, नाहीतर लेकरांच्या मैदानापायी ट्रॅक्टरवाला अन् तुम्ही दोघं तहसीलला. क्रशरची वाळू स्वस्त पडते पण तिचे कण धारदार, दबून घट्ट बसते, पडल्यावर दणका लागतो. खड्ड्याच्या तळाला खडी, वर जुनं शेडनेट, मग वाळू. रात्री झाकायला पण शेडनेट पाहिजेच, नाहीतर गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांना आयती सोय होते अन् मग आया लेकरांना पाठवत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं. आम्ही पाच फुटाच्या वर चढायचं काहीच ठेवलं नाही.

एक माप घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा: लाकडांमधली कुठलीही फट साडेतीन इंचापेक्षा कमी नाहीतर नऊ इंचापेक्षा जास्त. मधल्या मापात लेकराचं अंग पायाकडून निघून जातं अन् डोकं अडकतं. आम्ही त्या मापाचे दोन ठोकळे कापून घेतले अन् प्रत्येक फटीत घालून बघितले, शिडीत दोन ठिकाणी चूक निघाली.

अजून एक जे बाहेरच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. दगडांची रास, पोकळ ओंडका, पालापाचोळ्याचा ढीग दिसायला छान, पण आपल्याकडं त्यात विंचू राहतो, मण्यार, घोणस राहते. म्हणून दगडांच्या सांदी मुरूम-मातीनं गच्च भरा, पोकळ बुंधा ठेवायचा असला तर दोन्हीकडून उजेड दिसला पाहिजे, पाचोळा झाडाच्या आळ्यापुरता. उंदीर कमी तर साप कमी, त्यामुळं डबा-पार्टीचं उष्टं तिथं टाकू देऊ नका.

झाडं मृगाचा एक चांगला पाऊस झाल्यावरच. कडुलिंब, करंज, जांभूळ, चिंच, अन् कोपऱ्यात जागा असली तर एक वड, नातवंडांच्या सूरपारंब्यांसाठी. रोपं सामाजिक वनीकरणच्या नाहीतर कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत बघा. कण्हेर, पिवळी बिट्टी, एरंड, गुंज, धोतरा नको, सगळे विषारी, अन् रुईचा चीक डोळ्यात गेला की दवाखाना. सावली यायला वर्षं लागतेत, तोवर बांबूच्या कमानी करून त्यावर गिलके अन् दोडक्याचा वेल सोडा, श्रावणात हिरवं भुयार तयार होतं. लहान लेकरं दिवसभर त्यातच, अन् गिलके कुणाच्या घरी जायचे ह्यावरून दोन काकूंचं वाजलं तेवढं सोडलं तर छान चाललंय.

पाणी हा खरा परीक्षेचा पेपर. ज्या भागात लातूरला २०१६ मधी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं पाईप धरून लॉनला पाणी मारणं शोभतबी नाही. प्रत्येक रोपाशेजारी बुडाला बारीक छिद्र पाडलेलं मडकं गळ्यापर्यंत गाडा, छिद्रात सुती वात, तोंडावर झाकण म्हणजे डास नाहीत. एक मडकं एका घराला वाटून द्या, लेकराच्या नावानं, मग मायबाप आपोआप येतेत. आरओचं वाया जाणारं पाणी वापरता येतं पण बोअरचं पाणी आधीच क्षाराचं, त्यात हे अजून क्षाराचं, रोज तेच घातलं तर माती चिकट-कडक होते, आलटून पालटून घाला. आळ्यात सोयाबीनचा भुस्सा टाकला की ओल टिकते, मात्र लाकडापासून लांब, वाळवीला आमंत्रण देऊ नका.

माणसं कशी जमवायची? ग्रुपवर चाळीस जण अंगठा दाखवतेत, रविवारी सकाळी सहा येतेत. त्या सहांना घेऊनच चालू करा. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या (गावोगावी श्रमदानानं पाणी अडवायची) पहिल्या वर्षी, २०१६ ला, तीन तालुक्यांत आपला अंबाजोगाई होता, श्रमदान आपल्याकडं कुणाला शिकवायची गरज नाही, फक्त काम दोन तासाचं, सावलीचं अन् डोळ्याला दिसेल असं पाहिजे. उन्हाळ्यात साडेसहा ते साडेआठ, त्यानंतर फावडं ठेवा. पैसे मागू नका, वस्तू मागा: एक ट्रॉली मुरूम, दोन मडकी, एक तुळई. अन् एक रुपया जरी आला तरी पावतीचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर.

झाल्यावर महिन्यातून एकदा एकानं फिरून बघायचं: नट-बोल्ट, झोक्याचा दोर झाडाला काचतो का (मधी जुन्या टायरचा पट्टा घाला), लाकडाची सालपटं, वाळूत काच. वाळू आठवड्याला दाताळ्यानं उकरायची, दाताळं कुणाच्या घरी आहे हे सगळ्यांना माहीत पाहिजे.

शेवटचं म्हणजे सुटं सामान. एक मोठं टोपलं भरून करवंट्या, बांबूचे हातभर तुकडे, गुळगुळीत गोटे, लाकडाच्या चकत्या ठेवून द्या अन् काय करायचं ते सांगू नका. पहिल्या पावसात आमच्या पोरांनी त्यातूनच टेकडीच्या पायथ्याला बंधारा घातला, फुटला, परत घातला, चार दिवस शाळेतून आले की तेच. चकत्या थंडीत कुणाच्या तरी शेकोटीत जातेतच, तेवढं धरूनच चाला, आम्ही जानेवारीत परत एक टोपलं भरतो.