लहान मुलांसाठी घरच्या घरी खेळायचा तंबू

दोन ते सहा वर्षांच्या मुलासाठी इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा तंबू सर्वांत सोयीचा. वर एकत्र बांधलेल्या काठ्यांचा शंकूच्या आकाराचा तंबू दिसतो छान, पण मूल एका काठीला धरून उभं राहिलं की सगळाच कलंडतो. शिवाय आत बसायला जागा कमी.

सामान: 2 सेंमी जाड, 5 सेंमी रुंद लाकडी पट्ट्या, त्यांतल्या चार 120 सेंमी लांब (पाय) आणि दोन 112 सेंमी लांब (आडव्या). 20 मिमी जाडीचा, 120 सेंमी लांब गोल दांडा. 4×40 मिमीचे आठ स्क्रू. 2.5 सेंमी रुंद नवारीची पट्टी सव्वादोन मीटर, 2 सेंमी रुंद इलास्टिक पाऊण मीटर आणि सुती कापड. पट्ट्या घेताना एका टोकाकडून डोळा लावून बघा. पीळ असलेली पट्टी नको. छिद्राच्या जागी गाठ असेल तर तीही नको.

चारही पाय एकावर एक ठेवून शिकंज्यात घट्ट आवळा आणि वरच्या टोकापासून 15 सेंमीवर, रुंदीच्या बरोबर मध्यावर 21 मिमीचं छिद्र एकदमच पाडा. वेगवेगळी पाडली तर दोन-तीन मिमीचा फरक पडतोच आणि तंबू तीन पायांवर उभा राहतो. जाड दांडा जास्त मजबूत म्हणून 30 मिमीचा घेऊ नका, कारण छिद्राच्या दोन्ही बाजूंना जेमतेम 1 सेंमी लाकूड उरतं आणि पाय तिथेच चिरतो.

आता आडव्या पट्ट्या. नुसते चार पाय आणि दांडा जोडला तर तंबू लांबीच्या दिशेने डुलतो आणि पत्त्यांच्या घरासारखा आडवा होतो. ही चूक हमखास होते. म्हणून प्रत्येक बाजूचे दोन पाय जमिनीपासून 10 सेंमीवर आडव्या पट्टीने जोडून चौकट करा. पट्टी पायाच्या बाहेरच्या, 2 सेंमीच्या कडेवर बसवा. आतून बसवली तर तंबू पूर्ण मिटत नाही. प्रत्येक सांध्याला एकाखाली एक असे दोन स्क्रू हवेत, एका स्क्रूवर पट्टी फिरते. आधी 3 मिमीचं छिद्र पाडून मगच स्क्रू पिळा, नाहीतर एवढी अरुंद कड फुटते. स्क्रूची डोकी लाकडाच्या पातळीखाली जाऊ द्या.

दोन्ही चौकटी दांड्यात ओवताना डावीचा पुढचा पाय बाहेर आणि मागचा आत, उजवीचा उलट. त्यामुळेच दोन्ही आडव्या पट्ट्या सारख्याच मापाच्या लागतात. दांडा दोन्हीकडे 3 सेंमी बाहेर राहील. तिथे आरपार छोटं छिद्र पाडून लाकडी खुंटी घट्ट बसवा, म्हणजे पाय निसटत नाहीत.

पुढचे दोन आणि मागचे दोन पाय तळाशी नवारीने जोडा, मधे 90 सेंमी अंतर ठेवून. दांड्यापर्यंतची उंची साधारण 94 सेंमी येते. नवार नसेल तर गुळगुळीत फरशीवर पाय फाकत जातात आणि तंबू हळूहळू बसतो. ती पायांच्या अगदी खालच्या टोकाला ठोका, म्हणजे जमिनीलगत राहील आणि मूल अडखळणार नाही. पायांच्या टोकांना रबराचे तुकडे चिकटवा. सगळं लाकूड, विशेषतः वरची टोकं, पॉलिश पेपरने गोलाई येईपर्यंत घासा. हाताला कुसळ लागत नाही याची खात्री पाहिजे.

कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि चार सेंमीनेही ताण बिघडतो. कापायचं माप 210×109 सेंमी. चारही कडा 1-1 सेंमी दोनदा दुमडून टीप मारली की 206×105 उरतं. कापड दांड्यावरून दोन्ही बाजूंना सोडलं की वर पायांच्या मधे रुंदीला एवढंच मावतं आणि खाली कड जमिनीला टेकत नाही. चादरीच्या जाडीचं कापड उत्तम. कॅनव्हास जड पडतं, होजिअरीचं ताणून लोंबतं, प्लॅस्टिक तर नकोच. चारही कोपऱ्यांना 14 सेंमी इलास्टिकचे फास शिवा, टाक्यांच्या दोन-तीन ओळी मारून. फास आडव्या पट्टीच्या खाली पायात अडकवले की कापड ताणलं जातं आणि उरलीसुरली डुगडुगही थांबते. कापड सैल वाटलं तर फास एक सेंमीने लहान करा. कापडाला हात लावू नका.

पुढची-मागची दोन्ही तोंडं उघडीच ठेवा: हवा खेळते आणि आत काय चाललंय ते दिसतं. पडदा हवाच असेल तर तो आखूड आणि हलका असावा, बांधायला लांब नाड्या नकोत, त्या गळ्याभोवती अडकू शकतात. आत दिवा ठेवायचा तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारा घ्या. बटण सेल मुलं गिळतात आणि ते फार घातक असतं. मेणबत्ती, हीटर, वायर तंबूच्या आसपासही नको. दांड्याला झोका किंवा लोंबकळायची वस्तू टांगू नका, तो फक्त कापडाचं वजन पेलतो.

खेळ झाल्यावर कापड काढून चौकटी एकमेकींवर मिटल्या की जाडी 9 सेंमीच्या आसपास होते, कपाटामागे सहज मावते. लाकूड वाळत गेलं की स्क्रू सैल पडतात, म्हणून पहिल्या महिन्यात दोनदा तरी ते पिळून बघा.